पुण्याचं गोणपाट

कागद घोटायच्या घोट्याचा आवाज नेमका कसा होता, ते आता मला सांगता येत नाही. गुळगुळीत गारगोटी फळीवरच्या कागदावरून पुढे जाताना एक आवाज करायची आणि मागे येताना दुसरा, एवढं आठवतं. जुन्नरला कुकडीच्या काठी आम्हा कागद्यांची आळी होती. दिवस उजाडला की तिथल्या घराघरातून हे दोन आवाज सुरू व्हायचे. आमच्या घरात कागद घोटायचं काम माझ्या थोरल्या बहिणीकडे, जैनबआपाकडे होतं. एक पाय दुमडून, दुसरा लांब सोडून ती फळीसमोर बसायची, आणि हात चालू असताना तिचं तोंडही चालू असायचं. आई मी लहान असतानाच गेली. आपाचं लग्न मंचरला झालं होतं, पण नवरा वर्षभरात वारला आणि ती परत आली. तेव्हापासून घर तिच्याकडे. मला न्हाऊ घातलं तिनं, मारलं तिनं, आणि मी शाळेत जायला लागल्यावर पाटीवरचं अक्षर सरळ आहे की वाकडं, हेही तीच ठरवायची. तिला स्वतःला एक अक्षर येत नव्हतं.

कागद कसा होतो हे आता फार थोड्यांना ठाऊक असेल, म्हणून दोन शब्द लिहितो. आमचा कागद जुन्या गोणपाटाचा. धान्याची पोती फाटून निकामी झाली की ती आम्ही घ्यायचो. आपा शिवण उसवून, झटकून त्यांचे तुकडे करायची. ते तुकडे चुन्यात भिजत घालायचे, कुटायचे, कमरेइतक्या पाण्यात उभं राहून नदीत धुवायचे, पुन्हा कुटायचे. शेवटी त्यांचा पांढरट लगदा व्हायचा आणि तो हौदात जायचा. हौदाच्या काठाशी खड्ड्यात माझे वडील उभे राहायचे. साचा पाण्यात बुडवून वर उचलला की त्याच्यावर लगद्याचा पातळ थर यायचा. तोच ओला कागद. तो भिंतीला चिकटवून वाळवायचा, खळ लावायची, आणि मग आपाच्या घोट्याखाली द्यायचा. खळ तांदळाची. किडीसाठी तिच्यात मोरचूद टाकायचा असे, पण तो टाकण्याआधी आपा एक वाटी बाजूला काढायची. त्या खळीत मीठ आणि लसणाची चटणी घालून मी ती भाकरीशी खायचो. पुढे मी चांगल्या घरची पक्वान्नं खाल्ली, पण त्या वाटीची चव कशाला आली नाही. कदाचित भूक तेव्हाची होती म्हणून असेल.

घरात आम्ही आमची मुसलमानी बोली बोलायचो. तिच्यात निम्मी मराठी होती, आणि बाहेर बोलताना सगळीच मराठी. इथे मी सगळं मराठीतच लिहितो आहे. अब्बा तर रागावले की मराठीतच रागवायचे.

मी मॅट्रिक झालो आणि पुण्याला कॉलेजात जायचं ठरलं, तेव्हा आळीत बरंच बोलणं झालं. आमच्यात तोवर कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. शेजारच्या रहिमचाचांनी अब्बांना विचारलं, "पोरगं शिकून सायेब व्हनार. मग ह्यो साचा कोन उचलनार?"

अब्बा म्हणाले, "तो लिवंल, मी कागद करीन. दोगांचं काम एकच हाय."

जायच्या दिवशी त्यांनी मला हौदाजवळ नेलं. गिरणीचा कागद आल्यापासून आळीतले बरेच हौद कोरडे पडले होते. काहींत कोंबड्या कोंडल्या होत्या. अब्बा म्हणाले, "तू शिकून येस्तवर ह्यो हौद कोरडा पडू द्यायचा न्हाई मी. तुजं तू बग, माजं मी बगतो." ते फार बोलणारे नव्हते. त्यांच्या तोंडचं एवढं लांब बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

पण हौद चालायचा तर गोणपाट पाहिजे, आणि तेच मिळेनासं झालं होतं. जुनी पोती व्यापारी आता दुसरीकडे देऊ लागले होते. माझं दुसरं वर्ष चालू असताना घरून निरोप आला, की आता महिन्याभराचंच गोणपाट उरलं आहे. मी तेव्हा पुण्यात भुसार बाजारातल्या एका शेठजींच्या मुलाला शिकवायला जायचो. शेठजी मूळ मारवाडचे, पण तीन पिढ्या घोडेगावात गेलेल्या. माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलायचे. मी भीत भीत विचारलं. ते हसून म्हणाले, "अहो मास्तर, फाटकी पोती मागायला एवढं लाजता? वखारीच्या मागच्या खोलीत ढीग पडलाय. हवी तेवढी न्या."

त्या वर्षी पुण्यात प्लेग होता. तो दरवर्षीच यायचा, आणि आम्हा विद्यार्थ्यांनाही त्याची थोडी सवय झाली होती. उंदीर मरून पडला, की माणसं घर सोडून माळावर झोपड्यांत जायची, एवढं शेंबड्या पोरालाही कळत होतं. उंदीर का पडतो आणि त्यानंतर माणूस का पडतो, हे मात्र तेव्हा कोणी नीट सांगत नव्हतं. आमच्या कॉलेजात कोणी म्हणायचं रोग जमिनीतून येतो, कोणी म्हणायचं घाणीतून, कोणी म्हणायचं कोंदट हवेतून. मी ते सगळं वहीत उतरवून घ्यायचो.

वखारीत गेलो तेव्हा एक म्हातारा हमाल माझ्याबरोबर होता. आम्ही पोती ओढू लागलो. चार-पाच पोती निघाली आणि त्यांच्या घड्यांतून एक मेलेला उंदीर खाली पडला. ताजा होता. हमाल दोन पावलं मागं सरला.

"ऱ्हाऊ द्या ते, मास्तर. हितं उंदीर पडलाय. शेटजींना सांगाय पायजे. उद्या पलेगवालं येत्याल आन् समदं जाळून टाकत्याल."

मी त्या ढिगाकडे पाहिलं. निदान चार महिन्यांचं गोणपाट होतं. हे उद्या जाळणार, आणि तिकडे अब्बांचा हौद कोरडा पडणार! मी हमालाला म्हणालो, "जाळणारच आहेत तर आज मी नेतो. आम्ही ते चुन्यातच टाकतो. चुन्यात काय जगणार आहे?" हे मी फार शहाणपणानं बोललो. बोलताना मला बरं वाटलं, हेही आठवतं. उंदीर पायानं बाजूला सारला आणि पोती बाहेर काढली. चुन्यात पडण्याआधी ती आपाच्या हातातून जातात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ते त्या वेळी मनात आलं नाही, एवढंच.

जुन्नरकडच्या निमगाव सावाचे सावळेरामभाऊ गाडी घेऊन पुण्याला येत असत. जाताना त्यांची गाडी रिकामी असे. त्यांनी पोती भरली आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "काय राव, पुन्याला शिकाय आलास का गोनपाट गोळा कराय?" मी हसलो. त्या दिवशी मी इतका खूष होतो, की मेसमध्ये दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

पंधरा-वीस दिवसांनी प्लेग वाढला म्हणून कॉलेज बंद झालं. जुन्नरच्या वाटेवर प्लेगचा नाका होता. तिथे मला उघडं करून काखा तपासल्या आणि माझी वळकटी उकळत्या पाण्यात बुडवून, पिळून परत दिली. ओल्या वळकटीचं ओझं घेऊन मी चालत राहिलो. आधी याच रस्त्यानं गेलेल्या गाडीभर गोणपाटाला कोणी हात लावला नव्हता. याचं हसू मला तेव्हा आलं होतं.

घरी पोचलो तर कामाचे दोन्ही आवाज चालू होते. हौदावर पाण्याचा आणि फळीवर घोट्याचा. मला पाहताच आपानं घोटा ठेवला आणि लांब सोडलेला पाय माझ्यापुढे केला.

"बग, बाबू, बग. ह्यो तुजा परताप."

पायाच्या घोट्यापासून पोटरीपर्यंत तांबडे ठिपके होते. काही खाजवून फुटलेले.

"कशानं झालं हे?"

"तुज्या पुन्याच्या पिसवा! काय रं त्या गोनपाटात पिसवा! झटकलं की फुलबाज्यावानी उडत्यात. आमच्या जुन्नरच्या पिसवा गरीब, एकदा चावल्या की झोपत्यात. तुज्या शिकलेल्या दिसत्यात, रातभर उजळनी करत्यात."

अब्बा हौदातून म्हणाले, "पिसवा असू दे. गोनपाट लई गुनाचं हाय. असा लगदा धा वरसांत पायला न्हाई मी."

मी आपाला म्हणालो, "राख लाव त्याला." मग वळकटी वाळत घातली. तिनं त्या दिवशी शेवया केल्या होत्या. मी जेवत असताना ती समोर बसून पाय खाजवत होती आणि विचारत होती, की कॉलेजात टेबलावर जेवतात ते खरं का, आणि मग सांडलं तर भरायला कोण वाकतं.

तिसऱ्या दिवशी आमच्या कुटायच्या खोलीत उंदीर पडला. दुपारी आणखी दोन. त्या वर्षी जुन्नरात तोवर कुठेही पडला नव्हता, पहिला आमच्याकडे. आळीत बोंब झाली. रहिमचाचा दारातूनच ओरडले, "चला, भाईर पडा! नदीपल्याड झोपड्या घालतोय आमी." संध्याकाळपर्यंत आळी अर्धी मोकळी झाली. कोंबड्या, भांडी, म्हाताऱ्या, सगळं पुलावरून पलीकडे गेलं.

अब्बा हलले नाहीत. हौदात लगदा तयार होता. तो तसाच टाकून गेलं तर तीन-चार दिवसांत आंबतो, आणि मग सगळी मेहनत नदीत ओतावी लागते. ते म्हणाले, "तीन दीस. तीन दिसांत एवढा उचलतो. मग जाऊ."

मी म्हणालो, "अब्बा, आजच जाऊ या." पण ते मी कसं म्हणालो? जेवायला बसता का विचारावं तसं. माझ्याही मनात तो लगदा होताच. मीच पाठवलेला होता.

आपा म्हणाली, "तुमी दोगं ऱ्हानार आन् मी पल्याड जाऊन काय करू? भाकरी कोन थापनार, तुजा पुन्याचा मेसवाला?" आणि राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घोट्याचा आवाज आला नाही. मी उठून पाहिलं तर ती फळीवर डोकं टेकून बसली होती. अंग भाजत होतं. दुपारी तिला जांघेत गाठ आली. ती माझ्याशी बोलायची थांबली आणि भिंतीवर वाळत घातलेल्या कागदांशी बोलू लागली. "काढा, काढा, ऊन लागतंय," असं म्हणायची. अब्बांनी साचा ठेवला आणि तिच्या उशाशी बसले. पल्याडून फक्त एक म्हातारी खाला आली, कारण, ती म्हणाली, तिला आता कसली भीती नव्हती. तिनंच पुढे आपाला न्हाऊ घातलं. आपा तिसऱ्या दिवशी गेली. माती द्यायला आम्ही चौघंच होतो, आणि त्या चौघांत रहिमचाचा होते.

माती देऊन परत आल्यावर अब्बा सरळ हौदात उतरले. मी त्यांना हात धरून ओढलं. त्यांनी हात सोडवून घेतला. दिवसभर साचा बुडवत आणि उचलत राहिले. उरलेला लगदा त्यांनी संपवला, कागद भिंतीला लावले, आणि मग आम्ही झोपड्यांकडे गेलो. पुढे त्या कागदांना खळ लागली, पण घोटायला कोणी नव्हतं. तो हौदातला शेवटचा माल. त्यानंतर अब्बांनी हौद भरला नाही.

लोक म्हणायचे, कागद्यानं हौदापायी पोरगी घालवली. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण विहिरीवर म्हणायचे, मशिदीच्या पायऱ्यांवर म्हणायचे. अब्बांच्या कानावर जायचंच.

मी कॉलेज पुरं केलं नाही. काही वर्षांनी अवसरी बुद्रुकच्या शाळेत मास्तर झालो. संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर मंडळी जमायची आणि मी वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. एके दिवशी प्लेगाबद्दल मजकूर आला होता. डॉक्टरांनी पुष्कळ शोध करून ठरवलं होतं, की हा रोग उंदराच्या पिसवा पसरवतात. उंदीर मेला की पिसवा त्याला सोडून दुसरा उंदीर, नाहीतर माणूस धरतात. इथपर्यंत मी मोठ्यानं वाचलं. पुढे लिहिलं होतं, की अशा पिसवा कपड्यांतून, धान्यातून आणि विशेषतः पोत्यांतून एका गावाहून दुसऱ्या गावी जातात.

मी थांबलो.

"वाचा की मास्तर," कोणीतरी म्हणालं. "पुडं काय म्हनतोय?"

"पुढे काही नाही," मी म्हणालो, आणि पान उलटून बाजारभाव वाचायला लागलो.

"पिसवा!" एक म्हातारा हसत म्हणाला. "मंग आमच्या तात्याच्या घोंगडीत अख्खं गाव मरायचं औषद हाय." सगळे हसले. मीही हसलो असेन.

त्या दिवसापासून आपानं पुढे केलेला तो ठिपक्यांचा पाय माझ्या डोळ्यांपुढे आहे. मी नंतर बरीच पुस्तकं वाचली. मनाला समजावायचा प्रयत्न केला, की पिसवा दुसरीकडूनही आल्या असतील, त्या वर्षी पुण्याहून शेकडो गाड्या आल्या, लगदा सोडून आम्ही वेळेवर निघालो असतो तर ती कदाचित वाचलीही असती. हे सगळं खरं असू शकतं. पण पहिला उंदीर आमच्या खोलीत पडला, आणि वखारीत माझ्या पायाशी पडलेला उंदीर मी पाहिला होता. हमालानं मला सांगितलं होतं. तो हमाल शिकलेला नव्हता.

एवढं कळूनही मी अब्बांना सांगितलं नाही. सुट्टीत जुन्नरला जायचो तेव्हा प्रत्येक वेळी ठरवून जायचो. शब्द जुळवून ठेवायचो. मग अब्बा समोर बसायचे, मास्तराच्या पगाराचं नव्हे तर मुलांचं विचारायचे, कोणाचं अक्षर चांगलं आहे ते विचारायचे, आणि मला वाटायचं, आज नको. त्यांना माझ्याखेरीज कोणी नव्हतं. मी सांगितलं तर माझ्याकडे ते कसे पाहतील, याची मला भीती वाटायची. त्यांचं दुःख वाढेल म्हणून सांगत नाही, असं मी मनाशी म्हणत असे. आज इतक्या वर्षांनी ते म्हणणं मला पटत नाही.

त्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी रजा घेऊन गेलो. हौदात तेव्हा गवत उगवलं होतं. एका दुपारी त्यांनी मला कोनाड्यातलं गाठोडं काढायला लावलं. त्यात कागदाचा एक दस्ता होता, त्या शेवटच्या मालातला. मी एक ताव उजेडात धरला. खरखरीत होता, आणि एका कडेला सुतळीचा बारीक धागा कुटला न जाता तसाच राहिला होता.

"तुला म्हनून ठेवलाय," ते म्हणाले. "घोटलेला न्हाई, शाई फुटंल. पर हाय चांगला."

मी मान हलवली. थोड्या वेळानं ते वर आढ्याकडे पाहत म्हणाले, "बाबू, तीन दीस. त्यो लगदा आंबला असता तर काय झालं असतं रं? गोनपाट पुन्ना आलं असतं. माज्या हातून झालं ते."

"नाही, अब्बा," मी म्हणालो. "तुमचा दोष नाही."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. किती तरी वर्षांत कोणी त्यांना असं म्हटलं नव्हतं. त्यांचा हात माझ्या मनगटावर आला. लगदा उचलून उचलून त्या हाताची बोटं वाकडी झाली होती, पण पकड होती.

"मंग कुनाचा?" त्यांनी विचारलं.

त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मांडीवर तो कागद होता आणि सुतळीच्या धाग्यावर माझा अंगठा होता. बाहेर कोणीतरी पाणी भरत होतं. 

"कुणाचाच नाही," मी म्हणालो. "अशा गोष्टीचं कोणाला काय कळतं?"

त्यांनी हात काढून घेतला. रागानं नव्हे, थकून. पुन्हा आढ्याकडे पाहू लागले.

"येवडा शिकलास," ते म्हणाले, "आन् तुला बी ठावं न्हाई."

मला ठाऊक होतं.